पेटीतले दोघे

गेल्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आषाढ सरत आला होता. माळशेज घाटाकडून येणारी झड थांबण्याचे नाव घेत नव्हती आणि मुरबाडच्या आसमंतातील खाचरांत भाताच्या लावणीची घाई उडाली होती. अशा एका दुपारी आमच्या वसतिगृहातील मुलांनी शेताच्या बांधावरून चारेक फूट लांबीची एक धामण पोत्यात घालून आणली.

स्वयंपाकघरातील आजींनी पाहताक्षणी निर्णय दिला, “मारून टाका तिला, फादर. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ती.” हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मी तो खोडून काढला. धामण बिनविषारी असते, उंदीर खाऊन ती शेतकऱ्याचे धान्य राखते, हे मुलांना समजावून सांगितले. येथवर सारे ठीक होते. परंतु शिकविण्याचा मोह मला आवरला नाही. “आठ दिवस जाळीच्या पेटीत ठेवू आणि तिचे निरीक्षण करू,” असे मी म्हणून बसलो.

एका मुलाने पेटीत वाटीभर दूध ठेवले. दूध हे सापाचे अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दुधाला तोंड लावतो, तो कित्येक दिवस तहानेने व्याकूळ ठेवलेला असतो म्हणून. हे मला ठाऊक होते. मी वाटी काढून पाण्याचे भांडे ठेवले आणि स्वतःच्या ज्ञानावर मनोमन संतुष्ट झालो.

दोन दिवस धामणीने काहीच खाल्ले नाही. तिचे डोळे निळसर, गढूळ दिसू लागले. भुकेने ती खंगत असावी, असे वाटून तिसऱ्या रात्री कोठारातील पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मी माझ्याच हाताने पेटीत सोडला, झाकणाला कडी घातली आणि निर्धास्त झोपलो.

पहाटे पाहतो, तो उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि धामणीच्या पाठीवर तीन ठिकाणी मांस उघडे पडले होते. साप उंदराला खातो, एवढेच मुलांना माहीत होते. उंदराने सापाला कुरतडलेले पाहून ती अवाक झाली. त्यांतील सर्वांत धाकट्याने विचारले, “फादर, चूक कोनाची? उंदराची का सापाची?”

मला उत्तर सुचले नाही.

शहापूरचे एक सर्पमित्र निरोप मिळताच आले. जखमा पाहून ते शांतपणे म्हणाले, “फादर, तिचे डोळे गढूळ झाले होते ना? ती कात टाकण्याच्या बेतात होती. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, तो बहुधा खातही नाही. त्यात नुकतीच पकडलेली, घाबरलेली. शिवाय धामण दिवसा शिकार करते. रात्र ही उंदराची वेळ. भुकेला उंदीर रात्रभर काय करणार?”

मग त्यांनी मुलांना भोवती बसवून बारकावे सांगितले. उपचारासाठी साप ठेवावाच लागला, तर त्याला भक्ष्य मेलेले द्यावे, तेही लांब चिमट्याने, हाताने नव्हे. ते सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून मोठे नसावे. औषध घालून मारलेला उंदीर कदापि देऊ नये, ते विष सापालाही बाधते. साप खात नसेल तर भक्ष्य लगेच काढून घ्यावे. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावू नये, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो. “शेतात उंदराला पळायला बीळ असते, सापाला सरकायला बांध असतो,” ते म्हणाले. “पेटीत दोघांनाही वाट नाही.”

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा साप बाळगणे हा गुन्हा आहे, याचीही त्यांनी सौम्य शब्दांत जाणीव करून दिली. मुलांसमोर ते ऐकताना मान खाली गेली. वनखात्याला कळवून ते धामणीला उपचारासाठी घेऊन गेले. उंदराचे काय करायचे, हा प्रश्न उरला. एरवी त्याला एका फटक्यात संपविणाऱ्या मुलांनीच पिंजरा उचलला आणि ओढ्यापलीकडे नेऊन उघडला.

भाद्रपदात, भात पोटरीला आले असताना, सर्पमित्र धामणीला घेऊन परत आले. जुनी कात जाऊन नवी त्वचा आली होती. पाठीवरचे तीन व्रण मात्र स्पष्ट दिसत होते. जेथे ती सापडली होती त्याच बांधावर त्यांनी पोत्याचे तोंड सोडले. क्षणभर ती निश्चल राहिली आणि मग सळसळत भातात दिसेनाशी झाली.

धाकटा माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर दोन महिने माझ्याकडे थकले होते. “चूक माझी होती, बाळा,” मी म्हणालो. “भूक तिची होती की नाही, हे मी पाहिलेच नाही. तिला खाऊ घालण्याची हौस माझी होती.”

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मंग आता तिला कोन खाऊ घालंल?”

मी समोरच्या शेतांकडे बोट दाखविले.