डिसेंबरचा पहिला रविवार

जूनमध्ये बारावीचे वर्ग सुरू होतात तेव्हा डिसेंबर फार लांब वाटतो. मध्ये आषाढी आहे, श्रावण आहे, गणपती आहेत, दिवाळी आहे. पण वकील व्हायचं मनात घेतलेल्या मुलामुलींचं वर्ष या सगळ्या सणांच्या पलीकडे एका रविवारी येऊन ठेपतं. 2023पासून ‘क्लॅट’ ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आहे. दोन तास, 120 प्रश्न, हातात पेन. दोन-सव्वादोन महिन्यांनी बोर्डाची परीक्षा, आणि ती संपली की राज्याची विधी सीईटी. भिंतीवर कॅलेंडर टांगून आधी या तीन तारखा कशा बसतात ते पाहावं; पुस्तकांची यादी मागाहून.

कारण दारं दोन आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटने उघडतात. 1855 साली सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि 1924 सालचं पुण्याचं आयएलएस यांची वाट सीईटीतून जाते. क्लॅटचा पेपर फक्त इंग्रजीत. सीईटीचे प्रश्न मराठीतही वाचता येतात. दोन्ही द्यायच्या असतील तर ‘एकाच अभ्यासात दोन्ही होतील’ या आश्वासनावर विसंबू नये. दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे.

क्लॅट हा वाचनाचा पेपर आहे. 2008 साली सात विद्यापीठांसाठी ती पहिल्यांदा झाली, तेव्हा पाठांतराला बराच वाव होता. 2020मध्ये रूप बदललं आणि साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे आले. गणित सोडून उरलेल्या चार विभागांत शंभराहून अधिक प्रश्न असतात. एका उताऱ्यामागे पाच धरले, तरी वीसेक उतारे होतात, म्हणजे जवळपास नऊ हजार शब्द. एवढं इंग्रजी दोन तासांत वाचायचं, समजून घ्यायचं आणि त्यावर निर्णयही द्यायचे! तालुक्याच्या गावात मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला हा आकडा छातीवर दगडासारखा वाटतो, आणि तिची भीती खोटी नाही. म्हणून तिच्या आराखड्यातले पहिले दोन महिने घड्याळाविना जावेत. रोज एक इंग्रजी अग्रलेख, सावकाश: लेखकाचं म्हणणं काय, त्याचा आधार काय, कुठल्या वाक्यात तो आपला सूर बदलतो. वेग त्या वाचनातून हळूहळू येतो. तो आधी मागायला गेलं की समज जाते.

या पेपरातला सर्वांत सुंदर भाग म्हणजे विधीविषयक तर्क. तिथे कायदा आधी ठाऊक असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. समजा, उतारा दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर 1985मध्ये झालेल्या ओलियम वायूच्या गळतीवर आहे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी नियम असा, की धोकादायक वस्तू बाळगणारा नुकसानीला जबाबदार. पण दैवी आपत्ती किंवा तिऱ्हाइताचं कृत्य यांसारख्या सबबी त्याला सांगता येतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांपुरत्या त्या सबबी काढून टाकल्या. आता प्रश्नात एखादा गोदामवाला असेल, तर तो कितीही गरीब, कितीही सज्जन असो, उताऱ्यात कुठला नियम दिला आहे त्यावरच उत्तर ठरणार. सतरा वर्षांच्या मुलाचं मन दयेकडे ओढ घेतं. घ्यावीच, पण उत्तर लिहिताना नियमाला धरून राहणं हीच त्या वयातली न्यायाची पहिली शिकवण आहे.

गणिताचं ओझं मात्र उगाच वाढवलं जातं. दहा ते चौदा प्रश्न, तेही दहावीपर्यंतच्या टक्केवारी-गुणोत्तराचे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने रोज अर्धा तास दिला तरी पुरे.

सीईटी वेगळं मागते. तिथे कायद्याची, राज्यघटनेची माहिती थेट विचारली जाते, म्हणून पाठांतर लागतं. इथे एक सावधगिरी हवी. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत आणलेलं जुनं गाइड उघडून आधी त्याचं वर्ष बघावं. 1 जुलै 2024पासून 1860च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाच्या शिक्षेचं कलम 302 होतं, ते आता 103 आहे. फसवणुकीचं 420 आता 318मध्ये गेलं. घरात पैशाची ओढाताण असताना जुनं पुस्तक घेणाऱ्या मुलाचे गुण अशा कारणाने जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

ही ओढाताण ओळखूनच कायद्याचे प्राध्यापक शामनाद बशीर यांनी 2010 साली ‘आयडिया’ ही चळवळ सुरू केली. वंचित घरांतली मुलं शोधायची, त्यांना क्लॅटसाठी तयार करायचं आणि विद्यापीठात गेल्यावरही त्यांचा हात सोडायचा नाही. 2019मध्ये ते गेले. काम चालू आहे. महागडे वर्ग न परवडणाऱ्या घरात या नावाची माहिती पोचायलाच हवी.

गणपतीनंतर सराव-पेपर सुरू व्हावेत. पेपर सोडवायला दोन तास लागत असतील, तर तपासायला तीन द्यावेत. चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर कारण लिहावं: शब्द अडला, घाई झाली, की स्वतःचं मत उताऱ्यावर लादलं? महिनाभरात वहीतच दिसतं की चुका दोन-तीन जातींच्याच आहेत. ऑक्टोबरचा अभ्यास त्यांचाच. दिवाळीचे चार दिवस आराखड्यात मोकळेच ठेवावेत, कारण ते तसेही मोकळेच जाणार आहेत.

परीक्षेच्या दिवशीचा हिशेबही आधीच करून ठेवावा. क्लॅटमध्ये चुकीला पाव गुण कापला जातो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्यांतून निवड केलेली बरी: अशा आठ प्रश्नांत चार बरोबर आले, तर चार मिळतात, चुकांपायी एक जातो, हाती तीन राहतात. सीईटीत चुकीला वजाबाकीच नाही, म्हणून तिथे शेवटची पाच मिनिटं राखून संगणकाच्या पडद्यावरचा एकही प्रश्न कोरा राहिला नाही ना, एवढंच बघायचं.