पेडणे ते डिचोली, चार पिशव्या पुस्तकं

चवथीला गोव्याला जायचं म्हणजे आमचे दोन मुक्काम ठरलेले. आधी पेडण्याला आमच्या घरचा दीड दिवसाचा गणपती, आणि त्याचं विसर्जन झालं की डिचोलीला मामांकडे. त्यांचा गणपती पाच दिवसांचा. पूर्वी बंगळूरहून रात्रभराची बस असायची. आता मोपाचा विमानतळ आमच्या पेडणे तालुक्यातच झाल्यामुळे सकाळची भाकरी बंगळूरला आणि दुपारचं खतखतं पेडण्याला, असा थाट असतो.

यंदा मात्र सुट्टीला एक काम जोडलेलं होतं. बाबांचं पुस्तकांचं कपाट रिकामं करायचं होतं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. पणजीला सरकारी कचेरीत नोकरी, रोजची पेडणे-पणजी बस, आणि येताना पिशवीत एखादं पुस्तक, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम. काही पुस्तकं पणजीच्या सेंट्रल लायब्ररीची, म्हणजे १८३२ साली पोर्तुगीजांच्या काळात सुरू झालेली आणि आज पाटोवर कृष्णदास शामा यांच्या नावानं उभी आहे तिची. ती परत जायची. विकत घेतलेली मात्र कपाटात राहायची. अशी सव्वादोनशे पुस्तकं साठली होती. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. खालच्या फळीला वाळवी लागलेली. माझ्या चुलत भावाला, दादाला, ती खोली दुरुस्त करून भाड्यानं द्यायची आहे. विमानतळ झाल्यापासून खोल्यांना मागणी आहे आणि जुन्या घराचं छप्पर दरवर्षी खर्च मागतं, त्यामुळे त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. दोन ठिकाणी पुस्तकं देऊ केली होती. जुनी पुस्तकं ठेवायला जागा नाही, असं दोन्हीकडून उत्तर आलं. शेवटी मीच फोनवर दादाला म्हणालो होतो, "रद्दीत घाल."

हे वाक्य आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं सगळं त्या वाक्यानंतरचं आहे.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधून झाली. शहाळी, सुपारीचे घोस, तवशी, तोरिंगं, रानातली कवंडळं, सगळं गणपतीच्या डोक्यावर लोंबायला लागलं. मग मी हात धुऊन कपाट उघडलं. पहिलं पुस्तक काढलं, झटकलं आणि सहज शेवटचं पान उघडलं. तिथं पेन्सिलीनं तारीख होती आणि खाली दोन शब्द: "खूब बरें." दुसऱ्यावर नुसतं "बरें." तिसऱ्यावर "परत वाचचें." एका जाडजूड कादंबरीवर "मजा ना." बाबा पुस्तक वाचून झालं की शेरा मारायचे, हे मला माहीतच नव्हतं. पुस्तकं मराठी आणि शेरे कोंकणीत!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरत्या झाल्या, घुमट भिंतीला टेकवून ठेवले, आणि नेमकी वीज गेली. बाहेर मुसळधार पाऊस. पुस्तकांचे ढीग सोप्यावरच होते. काकूनं मेणबत्ती लावता लावता विचारलं, "ह्यांचं काय करणार?" मी गप्प. वहिनीच म्हणाली, "भावजी, रद्दीत कशाला? ज्याला हवं त्यानं न्यावं. पण नुसतं 'मला दे' म्हणायचं नाही. का हवं ते सांगायचं."

आणि मग दीड तास जे चाललं ते मी कुठल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये पाहिलेलं नाही. (बोलणं अर्थातच कोंकणीत होतं. मी इथं मराठी करून लिहितोय.)

वहिनीनं आधी 'ययाती' उचललं. तिचं म्हणणं, लोक ययाती आणि देवयानीबद्दल बोलतात, पण कादंबरी खरी शर्मिष्ठेची. तिघंही आपापली बाजू स्वतःच्या तोंडून सांगतात, आणि त्यात शर्मिष्ठेचं बोलणं तेवढं खोटं वाटत नाही. काकांना खांडेकर सोसत नाहीत. "एक वाक्य साधं नाही त्या माणसाचं! उपमा, उपमा, उपमा!" वहिनी म्हणाली, "मग तुम्ही रोज आमटीवर जेवा, मला पक्वान्न द्या." १९७४ साली मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या पुस्तकाचा निकाल आमच्या सोप्यावर असा आमटीवर लागला. खांडेकर तसे आमच्या शेजारचेच. तेरेखोलची नदी ओलांडली की पलीकडे शिरोडा. तिथं ते १९२० पासून अठरा वर्षं शाळामास्तर होते.

काकांनी मात्र 'सारे प्रवासी घडीचे' कोणाला हात लावू दिलं नाही. जयवंत दळवींचं आरवली गाव शिरोड्याला लागूनच. "ह्यातली माणसं मी बाजारात रोज बघितलीत," काका म्हणाले. "हसता हसता एखादं माणूस मरून जातं आणि पान उलटलं तरी आपण तिथंच." एवढं बोलून ते तपकीर शोधायला लागले. त्यांच्या वयाचं कोणी गावात फारसं उरलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याला 'स्मृतिचित्रे' हवं होतं. ती फारशी शिकलेली नाही, पण लक्ष्मीबाई टिळकांबद्दल ती शेजारणीसारखं बोलते. "नवऱ्यानं धर्म बदलला, संसार मोडल्यात जमा, तरी बाई रडगाणं गात नाही. स्वतःवर हसते. मला कोणी असं हसायला शिकवलं असतं तर!" आत्याला लवकर वैधव्य आलं. त्या वाक्यानंतर थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज होता.

दादा, जो खोली रिकामी करायला बसला होता, त्यानं हळूच नारायण धारपांची पाच पुस्तकं एकावर एक रचली. "भुताची गोष्ट वीज गेल्यावरच वाचावी," एवढंच त्याचं समर्थन. मंजूर झालं. त्याच्या धाकट्या भावानं 'एक होता कार्व्हर' घेतलं. तो काजूची लागवड करतो. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक त्यानं तिसऱ्यांदा वाचलंय, आणि दरवेळी मातीचं पान आलं की आपली जमीन आठवते म्हणाला. गुलामगिरीत जन्मलेला एक माणूस थकलेल्या जमिनीत भुईमूग लावायला सांगतो आणि शेतकरी उभे राहतात, हे त्याला कुठल्याही कीर्तनापेक्षा मोठं वाटतं.

आमची सात वर्षांची लेक हे सगळं डोळे मोठे करून ऐकत होती. बंगळूरच्या शाळेत हिंदी असल्यामुळे तिला अक्षरं वाचता येतात. तिनं 'फास्टर फेणे' उचललं. "का हवं?" वहिनीनं नियम मोडला नाही. "मुखपृष्ठावर सायकल आहे," ती म्हणाली. नियमात बसतं, असं काकांनी जाहीर केलं.

मंडळी, बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं मराठीत, हे बाहेरच्या माणसाला कोडं वाटतं. आम्हाला लहानपणापासून ते पाट आणि ताट इतकं सरळ. पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग पोर्तुगीजांच्या हातात बराच उशिरा, १७८१ ते १७८८ च्या सुमारास आला. म्हणून तर त्याला नव्या काबिजादी म्हणतात. तिसवाडी, बार्देस, साष्टीत सोळाव्या-सतराव्या शतकात देवळांवर आणि भाषेवर जो वरवंटा फिरला, तो इकडे तसा फिरला नाही. देवळात पोथी, कीर्तन, भजन मराठीत चालू राहिलं. अक्षरओळख त्यातूनच व्हायची. भांडणाची भाषा घरची आणि पोथीची भाषा देवळातली. मुक्तीनंतर भाषेवरून गोव्यात मोठे वाद झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. तरी वाद पूर्ण मिटले नाहीत. बाबांच्या शेवटच्या पानांवर मात्र तो वाद कधी पोचलाच नव्हता. दोन्ही भाषा एका पेन्सिलीनं चालत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डिचोलीला निघालो. गाडीत चार पिशव्या उरलेल्या पुस्तकांच्या. धारगळ, मग कोलवाळचा पूल, खाली पावसानं लाल झालेली शापोरा. म्हापशाहून अस्नोडा, आणि मुळगाव आलं की डिचोलीच्या खाणींचे डोंगर दिसायला लागतात. पावसाळ्यात त्यांच्यावरही हिरवं चढतं. लांबून वाटतं डोंगरच, जवळ गेलं की पायऱ्या दिसतात. पूर्वी ह्या रस्त्यावर ट्रकांची रांग संपायची नाही. कपडे वाळत घातले की लाल. २०१२ साली खाणकाम थांबलं, मध्ये थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. धूळ बसली, आणि हप्त्यांवर घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. माझ्या मामेभावाचाही त्यातलाच एक.

मामा निवृत्त शिक्षक. पिशव्या बघून आधी म्हणाले, "घरात गणपती आहे, पसारा कशाला आणलास रे?" आणि पाच मिनिटांत चष्मा लावून खाली बसले. त्यांच्या हाताला महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' लागलं. सत्तरीतल्या आंबेड्याचा मुलगा बाहेर पडतो, पुण्यात राहून दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' उभा करतो, ह्याचा मामांना स्वतःच्या घरातल्यासारखा अभिमान. "आमच्या रानातला माणूस," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मामीला त्यांच्यापेक्षा शास्त्रीबुवांच्या पत्नी सुधाताई मोठ्या वाटतात. गोवामुक्तीसाठी त्या पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिल्या. "कोश लिहायला घर कोणी सांभाळलं ते पण लिहा कोणीतरी," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. मामांनी ह्यावर पान उलटलं.

मामेभाऊ दारातच उभा होता. त्यानं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं. पुंडलीक नायकांची 'अच्छेव', १९७७ ची कोंकणी कादंबरी. खाण येते आणि गावाची शेती, घरं, माणसं कशी विस्कटतात, त्याची. मला वाटलं हा चिडणार. ज्याचं घर खाणीवर चाललं, त्याला खाणीविरुद्धचं पुस्तक कशाला आवडेल? तो म्हणाला, "मी दोनदा वाचलंय. पहिल्यांदा राग आला. ट्रक बंद पडल्यावर पुन्हा वाचलं. लिहिलंय ते खरं आहे. आमचा हप्ताही खरा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं." शेवटच्या पानावर बाबांचा शेरा एका शब्दाचा होता: "खरें." त्यानं तो बघितला आणि पुस्तक खिशात घातलं.

कोंकणीसाठी आयुष्य वेचलेले शणै गोंयबाब १८७७ साली ह्याच डिचोलीत जन्मले. त्यांच्या गावात मराठी पुस्तकांच्या पिशव्यांतून एक कोंकणी कादंबरी निघाली आणि योग्य माणसाकडे गेली, हे मला बरं वाटलं.

पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या आधी, तळाशी थोडी पुस्तकं उरली. त्यात व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' होतं. हे पुस्तक मी ओळखलं. फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा बाबांनी हॉस्टेलच्या बॅगेत ते टाकलं होतं. मी सहा महिने उशाशी ठेवलं, एकही पान न वाचता परत आणलं. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरें आसा." माझ्या मते विषय तिथं संपला होता.

शेवटच्या पानावर बाबांचा स्वतःचा शेरा होता: "परत वाचचें." त्याखाली दुसरी तारीख, आणि लिहिलं होतं: "बाबून वाचलें. बरें म्हणटा."

मी ते पुस्तक कोणाला दाखवलं नाही. का हवं ते सांगायचा नियम होता, आणि मला सांगता आलं नसतं. परतीच्या विमानात वाचायला घेतलं. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू वाडीचा होतो, आणि मग दुष्काळ येतो. पुस्तक लहान आहे. उरलेली पानं त्याच रात्री घरी संपवली. दीडेक वाजला असेल. लेकीच्या कंपासमधली पेन्सिल घेतली, बाबांच्या अक्षराखाली आजची तारीख घातली, आणि लिहिलं: "आतां वाचलें. खूब बरें."

दादानं कपाट टाकलं नाही. वाळवीचं औषध मारून धारपांसाठी एक फळी ठेवलीय म्हणे.

दिवाळीच्या स्नेहसंमेलनात आपल्या मंडळात फराळाबरोबर एक टेबल ठेवूया का? प्रत्येकानं घरातलं एक पुस्तक आणायचं, ते का आवडलं हे दोन मिनिटं सांगायचं, आणि ज्याला ते पटेल त्याला देऊन टाकायचं. भाषा कुठलीही चालेल. फक्त वाचलेलं पुस्तक आणा. हे मी स्वतःलाच सांगतोय.