अडकलेला प्लग

जाम झालेली वस्तू सोडवायला ताकद लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. पाना पुरला नाही की मोठा पाना, तोही पुरला नाही की त्याच्या दांड्याला पाईप, आणि शेवटी हातोडी. भिवंडीच्या कोणत्याही नाक्यावर हा क्रम पाहायला मिळतो. आमच्या दारात मात्र गेल्या पावसाळ्यानंतर एका गाडीचा स्पार्क प्लग एक रात्र आणि एक पूर्ण दिवस सुटत नव्हता, आणि त्या वेळात बाबांनी सर्वांत जास्त काय केले असेल, तर ते थांबले. त्या थांबण्याविषयी मला लिहायचे आहे.

बाबांची गाडी म्हणजे सीएनजीवर चालणारी जुनी पिकअप, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. २००५ साली टाटांची 'एस' आली आणि लोक तिला 'छोटा हत्ती' म्हणू लागले. तेव्हापासून आमच्याकडे त्या आकाराच्या प्रत्येक गाडीला हेच नाव, मग कंपनी कोणतीही असो. पूर्वी बाबा सुताचे बीम आणि कापडाचे तागे वाहत. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली या बाजूची गोदामे वाढत गेली, आणि हत्तीच्या पाठीवर ताग्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आली. खोक्यांत काय असते ते बाबांना ठाऊक नसते. वेळ मात्र पक्की ठाऊक असते. सोमवारी पहाटे साडेपाचला गोदामाच्या फाटकात गाडी उभी नसली तर मागची गाडी पुढे सरकते, आणि मग ती पुढच्या सोमवारीही पुढेच असते.

शनिवारी संध्याकाळी माणकोलीचा पूल चढताना गाडी मिस मारू लागली. इंजिनाला सिलिंडर दोनच. चार सिलिंडरच्या गाडीत एकाने काम सोडले तर गाडी लंगडते. आमची गुडघेच टेकते. कशीबशी घरी आली.

माझ्या कला शाखेच्या मैत्रिणींसाठी थोडे सांगते. स्पार्क प्लग बोटाएवढाच असतो. वर पांढरी चिनी माती, खाली पोलादी आटे, आणि टोकाशी मिलिमीटरहूनही कमी फट. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन हजारो व्होल्ट होतात आणि त्या फटीतून ठिणगी उडी मारते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एका प्लगला सेकंदाला पंचवीस वेळा ही उडी मारावी लागते. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणजे विजेचा दाब. त्यामुळे गॅसच्या गाडीत प्लग लवकर झिजतात. फट वाढते, ठिणगी कच खाते, गाडी मिस मारते.

बाबांनी सीट उचलली. पहिल्यांदा त्यांनी पाना घेतला नाही, सायकलचा पंप घेतला. प्लगभोवती रस्त्याची धूळ आणि मागांचे तूस यांचा थर बसला होता. प्लग काढताना तो आत पडला तर सिलिंडरला ओरखडे येतात, म्हणून आधी हवा मारायची. माझा हात बारीक असल्याने पंपाची नळी धरण्याचे काम माझ्याकडे होते. वायर ओढून काढायची नाही, टोपी धरून, थोडी पिळून काढायची, हेही त्याच वेळी कळले.

पहिला प्लग सहज निघाला. दुसरा हलेना. मागे कधीतरी एका गॅरेजमध्ये कोणी तो नको तेवढा आवळला असावा, आणि वर कित्येक पावसाळे गेले. प्लग पोलादी, हेड ॲल्युमिनियमचे. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून बसले की एकजीव झाल्यासारखे होतात. खालून काजळीही आट्यांत शिरते. जोर केला तर दोन गोष्टी होऊ शकतात. प्लग मोडून अर्धा आत राहतो, नाहीतर हेडचे आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. 'आटे गेले' हे दोन शब्द ड्रायव्हरांच्या घरात फार हळू उच्चारले जातात. आटे गेले म्हणजे हेड उतरवा, लेथवाल्याकडे न्या, बुश बसवा. किमान तीन-चार दिवस. आणि सोमवार तर परवावर आलेला.

बाबांनी गंज सोडविण्याचे तेल प्लगच्या बुडाशी सोडले आणि सीट खाली टाकली. "आता?" मी विचारले. "आता जेवायचं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी पाना लावला. प्लगने 'कर्र' असा आवाज केला आणि जेमतेम केसभर हलला. मला आनंद झाला. बाबांनी तो लगेच उलटा फिरवून परत आवळला! सोडवायचा प्लग हे आवळतात कशाला, मला कळेना. मग लक्षात आले. पुढे केसभर, मागे केसभर, पुन्हा तेल. आट्यांतली काजळी अशी चुरा होते, सरळ ओढली तर तीच पाचरीसारखी अडकते. दुपारपर्यंत प्लग पाव वळसा आला आणि पुन्हा रुतला.

तोवर गल्लीत बातमी झाली होती. शेजारचे काका तीन फुटांचा पाईप घेऊन आले. "लावा हा, एका झटक्यात येईल." बाबांनी त्यांना चहा पाजला. पाईप भिंतीला टेकून राहिला. काकांनी जाताना मला विचारले, "कॉलेजात हे पण शिकवतात काय गं?"

शिकवत नाहीत, पण शाळेतले विज्ञान मला आठवत होते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मग इंजिन गरम केले तर भोक प्लगपेक्षा जास्त मोठे होईल आणि प्लग ढिला पडेल. आई लोणच्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण गरम पाण्याखाली धरते, तसेच. मी हे बाबांना सांगितले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "खरं आहे, बाय. पण गरम ॲल्युमिनियम मऊ असतं. ढिलं होतं तसं फाटतंही." म्हणून बहुतेक मिस्त्री थंड इंजिनावरच प्लग काढतात. माझे म्हणणे खरे होते आणि त्यांचेही. या दोहोंच्या मध्ये काय करायचे हे माझ्या पुस्तकात नव्हते. बाबा थोडा वेळ बोनटकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "कोमट."

सांडलेले तेल फडक्याने टिपले. प्लग पुन्हा बसता करून, वायरी जोडून इंजिन चार मिनिटे चालवले आणि बंद केले. मग हाताला ऊब लागेल, पण चटका बसणार नाही, एवढे निवेपर्यंत वाट पाहिली. त्या अर्ध्या तासात मी त्यांना वाचलेले सांगितले : लेन्वार नावाच्या माणसाने १८६० साली पॅरिसमध्ये विजेच्या ठिणगीवर चालणारे इंजिन केले, आणि ते पेट्रोलवर नव्हे, दगडी कोळशाच्या गॅसवर चालत असे. बाबा हसले. "म्हणजे आपली गाडी जुन्या वळणाचीच की!" पुढे १९०२ साली बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्ड नावाच्या इंजिनियरने जास्त दाबाच्या विजेची सोय केली आणि प्लग आजच्यासारखा झाला. त्याच कंपनीची आपल्याकडची शाखा म्हणजे १९५१ साली बंगळूरला निघालेली मायको. २००८ साली तिचे नाव बदलून बॉश झाले, पण बाबा दुकानात अजून 'मायकोचा प्लग' असाच मागतात, आणि दुकानदारालाही ते कळते.

संध्याकाळी सातला पुन्हा पाना लागला. पुढे, मागे, पुढे. बाबांचे डोळे इंजिनावर नव्हतेच. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते आणि सगळे लक्ष मनगटात होते. मी कधी गाणे ऐकताना कोणाला असे बघताना पाहिले आहे. 'कर्र' बंद झाले. शेवटचे आटे त्यांनी मला बोटांनी फिरवायला दिले.

नव्या प्लगची फट हॅक्सॉच्या पात्याने पाहिली. आट्यांना काही जण ग्रीस लावतात. बाबा लावत नाहीत, कारण त्याने प्लग हलका फिरतो, हाताला अंदाज येत नाही आणि जास्त आवळला जातो. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवून मी तो फिरवत आत बसवला. आटे तिरपे धरले असते तर नळीच घसरली असती. पाना घसरत नाही, तो आटे खातो. वायसर टेकल्यावर पान्याने जेमतेम अर्धा वळसा, पुरे.

मग बाबांनी दोन्ही जुने प्लग बल्बखाली धरले. प्लग वाचता येतो, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवले आहे. फिकट तपकिरी म्हणजे तब्येत ठीक, पांढराफटक म्हणजे इंजिन तापते. गॅसवर काजळी फारशी धरत नाही, त्यामुळे दुसरे काही असले तर चटकन ओळखू येते. पहिला प्लग तपकिरी होता. दुसऱ्याचे टोक काळे आणि ओले होते.

"काय दिसतं?" त्यांनी विचारले.

"तेल."

"मग?"

"रिंग गेली असेल."

त्यांनी प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवला. "दिवाळीपर्यंत ओढेल," ते म्हणाले, आणि साबण मागितला. आईला त्या रात्री आम्ही दोघांनी एवढेच सांगितले की प्लग निघाला.