दोऱ्यानें मोजलेली वाट

पृथ्वी गोल आहे हें आम्हीं मराठी शाळेंत घोकलें होतें. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हांस कळला तो न्यूयॉर्क येथें, धाकट्या बंधूंच्या घरीं. पौषांतील एके रात्रीं पुण्याहून फोन आला, "माई बऱ्या नाहींत, लवकर या." माई म्हणजे आमच्या मातोश्री, वय वर्षें चौऱ्यायशीं. दुसऱ्या दिवशींच्या विमानांत एकच जागा शिल्लक होती. ती वडीलपणाच्या नात्यानें आम्हांस मिळाली. बंधूंस एक दिवस मागें राहावें लागलें.

झोंप कोणासच नव्हती. पुतण्यानें पृथ्वीचा गोल पुढें ठेवून विचारलें, "काका, वाट कुठून जाते, सांगा पाहूं?" भिंतीवरील नकाशावर आम्हीं बोट फिरविलें: अटलांटिक, सहारा, अरबस्तान, मुंबई. मुलगा हंसला. त्यानें गोलावर दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणून धरला, तों तो भलतीकडेच सरकला! ग्रीनलंडचें दक्षिण टोंक, आइसलंड, सेंट पीटर्सबर्गचा शेजार आणि तेथून मध्य आशियावरून खालीं मुंबई. नकाशावरच्या सरळ रेघेनें गेल्यास सुमारें 14,200 किलोमीटर होतात. दोऱ्याच्या वाटेनें 12,500. अर्थात् विमान कांहीं दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहीं. वारा, वादळें आणि राजकारणहि तिला वांकवितें. 2019 सालीं पाकिस्ताननें कांहीं महिने आपलें आकाश बंद केलें, तेव्हां दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांस केवढा तरी वळसा पडला होता.

न्यूयॉर्कला जातांना आम्हांस सोळा तास लागले होते, परततांना चौदा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जो वेगवान् वायुप्रवाह वाहतो, तो जातांना तोंडावर आणि येतांना पाठीशीं असतो. 1948 च्या 8 जूनला मुंबईहून निघालेलें एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो, जिनीव्हा करीत लंडनला पोंचलें तें 10 जूनला. त्या मानानें आमची तक्रार ती काय! पण मन मानीत नाहीं.

भर दुपारीं बाराला निघालों. दोन-अडीच तासांतच सूर्य मावळला. समोरच्या पडद्यावर एक चिमुकलें विमान पुतण्याच्या दोऱ्यावरून सरकत होतें. पाहावयाचें नाहीं असें ठरवूनहि आम्ही तिकडेच पाहत होतों. घड्याळ साडेदहा तास पुढें सारलें, आणि दुसऱ्या दिवशीं साडेबाराला मुंबईस उतरलों.

पुढचे दीडशें किलोमीटर मात्र सरतां सरेनात. बोरघाटांत मालमोटारींची रांग लागलेली. तेवढ्याला चार तास मोडले. सगळ्या प्रवासांत लांब वाटला तो हाच तुकडा.

माईंनीं डोळे उघडले. "जेवलास का?" हा पहिला प्रश्न, मग, "धाकटा कुठें आहे?"

आम्हीं मनांत हिशेब केला. तिकडे नुकतें उजाडलें असेल. दुपारीं विमान, मग चौदा तास, मग घाट. म्हटलें, "उद्यां दिवेलागणीला येईल."

"उद्यां ना?" माई म्हणाल्या, "मग हरकत नाहीं. तोंवर आहें मी."