लेपाने वीज वाचते का?

मानकोलीच्या गोदामांच्या गर्दीत माझा सिरॅमिकचा लहानसा गाळा आहे. कप, बरण्या, ताटल्या मी विजेच्या भट्टीत भाजतो. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, ग्लेझची बाराशेच्या वर. वीज हा आमचा मोठा खर्च. त्यामुळे "भट्टीला आतून लेप द्या, पाव बिल वाचेल" असं एका विक्रेत्याने सांगितलं, तेव्हा मी डबा मागवला.

विटांवरची धूळ ओढून घेतली, विटा ओलसर केल्या आणि ताकाइतका पातळ लेप ब्रशने फिरवला. कॉइलच्या खाचा मोकळ्या ठेवल्या. भट्टीला स्वतंत्र मीटर असल्याने तुलना सोपी होती: माल तितकाच, मांडणी तीच, कोन 6 (ठरावीक उष्णतेला वाकणारी मातीची सुळकी) वाकेपर्यंत भाजणी आणि सुरुवात पूर्ण थंड भट्टीपासून. लेपाआधीच्या आणि नंतरच्या युनिटांत फरक पडला तो नगण्य. एखादी फळी कमी-जास्त भरली तरी तेवढा फरक पडतोच.

कारण समजायला अवघड नाही. उष्णता भिंतीतून बाहेर जाते ती विटेच्या जाडीनुसार. साडेचार इंची हलक्या विटेपुढे अर्ध्या मिलिमीटरच्या लेपाचा अडथळा तो किती? शिवाय रोज थंड होणाऱ्या भट्टीत बरीच वीज विटाच तापवण्यात जाते, आणि लेपाने विटांचं वजन कमी होत नाही. गॅसवर सतत चालणाऱ्या मोठ्या भट्ट्यांची गोष्ट वेगळी. ज्वाळेतले वायू ठरावीक तरंगलांबींतच उष्णता सोडतात. लेप ती शोषून इतर तरंगलांबींतही परत फेकतो, म्हणून तिथे फायदा होऊ शकतो. कॉइलच्या भट्टीत ती अडचणच नसते.

आता पैशांचं बघू. समजा, एका भाजणीला 60 युनिट लागतात, युनिट 10 रुपयांना पडतं आणि लेपाने 5 टक्के वीज वाचते. म्हणजे 3 युनिट, 30 रुपये. लेपावर 6,000 रुपये घातले तर ते फिटायला 200 भाजण्या हव्यात. तोवर लेप टिकायला हवा. माझ्या भट्टीत झाकणाखालचा लेप सुटला आणि त्याचे पांढरे कण निळ्या ग्लेझच्या ताटलीवर चिकटले. ती ताटली विकता आली नाही.

लेप अगदीच निरुपयोगी नाही. सोडा किंवा मिठाच्या भाजणीत तो वाफांपासून विटा वाचवतो, सिरॅमिक फायबरचे सुटे धागे धरून ठेवतो. त्यासाठी जरूर लावा. वीज वाचवायची असेल तर मात्र आधी झाकणाची फट बुजवा, बाहेरून फायबरचा जादा थर द्या (ते काम मास्क लावूनच करा) आणि भट्टी पूर्ण भरल्याशिवाय पेटवू नका. आणि टक्क्यांचा दावा करणाऱ्याला एकच विचारा: कोणत्या भट्टीत, किती माल भरून, कोणत्या मीटरवर मोजलं?