ऊब

निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली उतरला, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या कशा पेटल्या, हे डोंबिवलीत असताना आम्ही चहाबरोबर वाचत असू. ती थंडी आमच्या लेखी केवळ एक आकडा होती. गेली पाच वर्षे ती आमच्या गोठ्यात मुक्कामाला येते.

मी आणि माझे पती, दोघेही महाविद्यालयात शिकवतो. सासऱ्यांच्या वाट्याच्या दोन एकरांवर राहायला आलो आणि एक गाय व सहा संगमनेरी शेळ्या पाळल्या. पहिल्याच डिसेंबरात दोन करडे जन्मली. शहरात थंडी म्हणजे खिडक्या लावून घेण्याची गोष्ट; आम्हीही तेच केले. गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, पत्र्याखालच्या फटींत गोणपाट कोंबले. शेजारच्या उसात बिबट्या असल्याची बोलवा होती, त्यामुळे या बंदोबस्ताला भीतीचीही जोड मिळाली. पहाटे दार उघडले की गरम, दमट हवा अंगावर येई. पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब ठिबकत. वास डोळ्यांना थोडा झोंबे. पण गोठा म्हटला की वास असायचाच, अशी आम्ही समजूत करून घेतली. 'गोठा छान उबदार झाला आहे,' असे मी बहिणीला फोनवर अभिमानाने सांगितल्याचे आठवते.

दुसऱ्या आठवड्यात एक करडू खोकू लागले. नाक वाहू लागले, दूध सुटले. पशुवैद्य आले, त्यांनी न्यूमोनियाचे निदान केले आणि इंजेक्शन दिले. मग मला म्हणाले, "मॅडम, जरा इथे खाली बसा आणि श्वास घ्या." मी करडाच्या उंचीला उकिडवी बसले. मिनिटभरात डोळ्यांतून पाणी आले, घसा खवखवला. मूत्र आणि लेंड्या यांतून सुटणारा अमोनिया आणि कोंडलेली ओल. करडू रात्रभर तेच हुंगत होते. आम्ही आजवर गोठा उभ्यानेच पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी ते करडू गेले.

शेजारच्या आजी आल्या. त्यांनी दोष दिला नाही, हे अधिक लागले. ताडपत्रीकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "पोरी, शेगडी तिच्या पोटात आहे. तिला सरपण घाल, दार कशाला कोंडतेस?" पुढे पशुवैद्यांनी त्याच वाक्याचा शास्त्रीय अर्थ सांगितला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चोथ्याचा चारा आंबतो, त्यातून उष्णता निर्माण होते. म्हणून थंडीत संध्याकाळी कडबा थोडा जास्त घालायचा. करडाच्या पोटातली ही शेगडी मात्र अजून पेटलेली नसते. त्याला जन्मल्यावर पहिल्या तास-दोन तासांत आईचा चीक, कोरडे अंथरूण आणि आईची कूस हवी. आमच्याकडे गाय व्याली की मुंबईचे नातलग खरवसाची चौकशी करतात. वासराचे भागून उरला तरच खरवस होतो, हे आता आम्ही संकोच न करता सांगतो.

गोठा आम्ही पुन्हा बांधला. खाली अडीच फुटांपर्यंत आडोसा, म्हणजे बसलेल्या जनावराला झोत लागत नाही. वर बिबट्यासाठी मजबूत जाळी, आणि तिच्यातून वारा मोकळा. गव्हाचे काड रोज बदलायचे, पाणी कोमट द्यायचे, दव वाळल्याशिवाय शेळ्या बाहेर सोडायच्या नाहीत. कामे साधीच, पण एकही उद्यावर ढकलता येत नाही.

वीस वर्षे मी मराठी शिकवते. 'ऊब', 'उबट' आणि 'उबग' हे शब्द कोशात किती जवळ बसतात, हे त्या हिवाळ्यात प्रथम जाणवले. त्यांची व्युत्पत्ती काय असेल ती असो. बंदिस्त गोठ्यात पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर एका रात्रीचे असते. माया करताना आपण बहुधा आपल्याला कशाने बरे वाटेल तेच दुसऱ्याला देतो. ताडपत्री बांधून आमची झोप शांत झाली होती, करडाची नव्हे.

त्या जुळ्यातले वाचलेले करडू आता मोठी शेळी झाले आहे. यंदा तिलाही दोन झाली. मध्यरात्री जाळीतून वारा शिरल्याचा आवाज येतो आणि उठून सगळे बंद करावे असे आजही वाटते. मी कंदील घेऊन जाते. करडे आईच्या पोटाशी दडलेली असतात, ती रवंथ करत असते. मी त्यांच्या उंचीला बसते, खोल श्वास घेते. डोळे झोंबत नाहीत. मग सारे उघडेच ठेवून परत येते.