केस पेपरवरची एक ओळ

जे कागदावर आले तेच घडले, असे सरकारदरबारी मानतात. आमची वीस वर्षे कारकुनीत गेली, म्हणून हे आम्ही अनुभवाने सांगतो. परंतु दवाखान्यातील एक ओळ गरिबाचे किती नुकसान करू शकते, हे आम्ही गेल्या वर्षी पाहिले.

आमच्या वस्तीतील एक मुलगा बॅटरीच्या सायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवतो. एका रात्री मोटारीने त्याला मागून ठोकरले आणि ती पळून गेली. नडगीचे हाड मोडले. ज्या भल्या माणसाने त्याला उचलून नेले, त्याने अपघात पाहिला नव्हता. केस पेपरवर लिहिले गेले, 'सायकलवरून घसरून पडला.' मोटार कागदातून नाहीशीच झाली!

पळून गेलेल्या वाहनाने गंभीर जखमी केल्यास १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेत ५०,००० रुपये मिळतात. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. पण आपण होऊन घसरलेल्याला कोण देणार? मुलाच्या आईला घेऊन आम्ही डॉक्टरांना भेटलो. त्यांनी जुनी ओळ न खोडता खाली तारीख, वेळ घालून मुलाचे म्हणणे लिहिले व सही केली. पोलिसांतही तसाच जबाब दिला. अर्ज केला आहे. निकाल अजून यायचा आहे.

प्रश्न एका मुलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जखमांना क्रमांक दिले आहेत. गुडघ्याखालचे हाड मोडले तर 'एस ८२'. ते कशाने मोडले, याला निराळा क्रमांक: सायकलस्वारास 'व्ही १०' ते 'व्ही १९', मोटारसायकलस्वारास 'व्ही २०' ते 'व्ही २९'. मग बॅटरीची सायकल कोठे घालायची? अमेरिकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून तिला मोटारसायकलींच्या गटात स्वतंत्र क्रमांक दिले. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची हलकी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. तिला नंबर नाही, विम्याची सक्ती नाही.

क्रमांक घालणारा कर्मचारी केस पेपर वाचूनच घालतो. तेथे नुसते 'सायकल' असेल तर त्याला बॅटरी कशी दिसणार? अशा गाड्यांवर आपल्या किती पोरांचे हातपाय मोडतात, हे मग मोजले जात नाही. आणि न मोजलेल्या दुःखासाठी सरकार पैसा काढत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, दवाखान्यात चार गोष्टी आवर्जून सांगा: गाडी बॅटरीची की साधी, ठोकरले कोणी, कोठे व किती वाजता, आणि डोक्यावर हेल्मेट होते काय. जे माहीत नाही ते अंदाजाने सांगू नका. 'लिहिलेले वाचून दाखवा,' असे म्हणायला लाजू नका. निघताना केस पेपरची झेरॉक्स घ्या आणि रेशन कार्डाजवळ जपून ठेवा.